आधी नाते, मग नवस

संकटात देव आठवतो, असे आपण सहज म्हणून जातो. त्यात थोडी थट्टाही असते. एरवी देवाकडे ढुंकून न पाहणारा माणूस अडचण आली की देवळाची पायरी चढतो, असा तो टोमणा. मोलगी परिसरातल्या भिल्ल आणि पावरा कुटुंबांची भक्ती जवळून पाहिली की हा क्रम उलटा लागतो. इथे देव आधीपासून घरात असतो, कणगीत असतो, शेताच्या बांधावर असतो. अडचण मागून येते. आली की तिला सामोरे जाताना माणूस नवा देव शोधायला निघत नाही, ओळखीच्याच देवाला हाक मारतो. पुढील पानांचा विषय ही ओळख आहे. ती कशी जडते, कशी टिकते आणि वाईट दिवसांत माणसाला कसे उभे करते, हे वाचकाला त्यांत वाचायला मिळेल.

मोलगी हे नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातले सातपुड्यातले बाजाराचे गाव. अक्कलकुव्याहून देवगोई घाट चढून इकडे यावे लागते. उत्तरेला डोंगर उतरत थेट नर्मदेला भिडतात. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात दर दहा माणसांत जवळजवळ सात माणसे आदिवासी आहेत, आणि अक्कलकुवा-धडगावच्या डोंगराळ पट्ट्यात हे प्रमाण आणखी मोठे आहे. शेती उताराची आणि पावसाच्या भरवशाची. ज्वारी, मका, भगर ही पिके. उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, चिरून वाळवायच्या आणि आमचूर मोलगीच्या बाजारात आणून विकायचे, मोहाची फुले वेचायची, आणि हंगाम सरला की ऊसतोडीला किंवा बांधकामावर गुजरातची वाट धरायची, असे वर्ष जाते. कुपोषण आणि सिकलसेलचा आजार यांमुळे या भागाचे नाव वर्तमानपत्रांत येते. पावसाळ्यात रस्ता नसलेल्या पाड्यावरून बाळंतिणीला बांबूच्या झोळीत घालून डांबरी सडकेपर्यंत आणल्याच्या बातम्याही दरसाल छापून येतात. हाल इथे अधूनमधून येणारा पाहुणा नाही. म्हणूनच देवावरचा भरवसा म्हणजे काय, हा प्रश्न इथे पोथीतला राहत नाही.

या मुलखाची कुलदेवता याहा मोगी, म्हणजे मोगी आई. देवमोगरा माता हे तिचे दुसरे नाव, आणि धान्याची देवता म्हणून तिला कणी-कंसरीही म्हणतात. तिचे मुख्य ठाणे देवमोगरा आज गुजरातच्या नर्मदा जिल्ह्यात, सागबारा तालुक्यात आहे. राज्यांच्या सीमा नंतर आखल्या गेल्या, त्यामुळे महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेश या तिन्हींकडचे आदिवासी तिला आपलीच मानतात. मोलगीच्या लोकांना ती अधिक जवळची वाटते याला एक कारण आहे. कथेतले देवांचे मूळ स्थान, दाब, हे याच अक्कलकुवा तालुक्यातले डाब गाव आहे असे इथे मानले जाते. हिवाळ्यात जिथे दवबिंदू गोठतात म्हणून ज्याचे नाव बातम्यांत झळकते, तेच हे डाब. देवी ज्या डोंगरात वावरली त्याच डोंगरात आपण नांगर धरतो, ही जाणीव भक्तीला वेगळाच सलगीचा सूर देते.

कथेचे पाठ गावोगाव बदलतात. राजा पांठा, विना ठाकूर अशी नावे त्यांत येतात, नाती थोडी इकडची तिकडे होतात. गाभा मात्र सगळीकडे एकच. मोठा दुष्काळ पडला, माणसे आणि गुरे अन्नावाचून तडफडू लागली, आणि तेव्हा मोगीने धान्य देऊन त्यांना जगवले. या कथेत देवी राक्षस मारत नाही, कोणाला शाप देत नाही, स्वर्गातून वर देत नाही. ती भुकेल्याला जेवू घालते. एखाद्या समाजाने आपल्या सर्वांत मोठ्या देवतेच्या आयुष्यातला सर्वांत मोठा प्रसंग म्हणून दुष्काळातले जेवण निवडावे, यातच त्याच्या श्रद्धेचा बराचसा उलगडा होतो. ही देवता संकटाच्या बाहेर उभी राहून पाहणारी नाही. संकट तिच्या स्वतःच्या चरित्राचा भाग आहे. दुष्काळ तिने पाहिला आहे, म्हणून दुष्काळात तिच्याकडे जाताना काही समजावून सांगावे लागत नाही.

हे नाते कथेवर जगत नाही, वर्षभराच्या रिवाजांवर जगते. पहिल्या पावसानंतर डोंगर हिरवा होतो, रानभाज्या उगवतात, पण निलचारीची पूजा होईपर्यंत नवी भाजी कोणी तोंडात घालत नाही. पोटात भूक असते, भाजी दारात असते, तरी हात थांबतो. गुरांना वाघापासून जपावे म्हणून वाघदेवाची पूजा होते. पीक हाती आले की नवाई होते. नवे धान्य आधी देवांना आणि पूर्वजांना, मग घरच्यांना. माघात महाशिवरात्रीला देवमोगऱ्याची यात्रा भरते आणि पुढे काही दिवस चालते. बांबूच्या नव्या टोपलीत घरचे धान्य, नारळ असे देवीचे देणे ठेवून, ती डोक्यावर घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे डोंगर तुडवत निघतात. कोणी कोंबडा नेतो, कोणी बोकड, मोहाची दारूही देवीला वाहिली जाते. शहरातल्या भाविकाला यातले काही खटकेल. पण टोपलीत काय आहे ते नीट पाहावे. तिच्यात विकत आणलेला नैवेद्य फारसा नसतो. आपल्या शेतात जे पिकले, आपल्या झाडाखाली जे वेचले, तेच असते. ज्याच्या शेतात कमी पिकले त्याच्या टोपलीत कमी असते, आणि त्याबद्दल देवीसमोर संकोच नसतो. खरी परिस्थिती घेऊन जाता येते असे एक ठिकाण माणसाला असणे, हा भरवशाचा पाया आहे.

मग होळी. मोलगीपासून जवळच असलेल्या काठी या जुन्या संस्थानच्या गावची राजवाडी होळी सगळ्या सातपुड्यात मानाची. ती पेटते पहाटे. तोवर रात्रभर ढोल वाजत असतात, आणि कमरेला घुंगरू नि भोपळे बांधलेले, डोक्यावर मोरपिसांचे टोप घातलेले, अंगावर राखेची नक्षी काढलेले बुध्ये नाचत असतात. छायाचित्रकारांची गर्दी या टोपांसाठी होते. पण त्या नाचामागे काही दिवसांची पाळणूक असते, ती छायाचित्रात येत नाही. बुध्या होणारा पुरुष या दिवसांत खाटेवर बसत नाही, जमिनीवर झोपतो, ब्रह्मचर्य पाळतो, साधे अन्न खातो. कोणी आजारी मूल बरे व्हावे म्हणून हे व्रत घेतो, कोणी घरादाराचे आणि गुराढोरांचे बरे चालावे म्हणून. मजुरीसाठी सुरतेकडे किंवा सौराष्ट्रात गेलेली माणसे इतर सण चुकवतील, पण होळीला पाड्यावर परततात. वर्षभर परक्याच्या फडात राबणाऱ्याला आपण कोणाचे आहोत हे पुन्हा सांगणारे हे दिवस असतात.

इथे नवसाविषयी थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण सुशिक्षित मराठी मनाला नवस म्हणजे देवाशी केलेला सौदा वाटतो. मूल झाले तर पाळणा वाहीन, नोकरी लागली तर पेढे वाटीन, अशा नवसांची आपण टिंगल करतो आणि ती बऱ्याचदा रास्तही असते. सातपुड्यातल्या इंदलाकडे पाहिले की मात्र नवसाचा दुसरा अर्थ कळतो. घरात मोठे दुखणे आले, एकामागून एक संकटे कोसळली, तर कुटुंबप्रमुख इंदल करण्याचे बोलतो. बोललेले फेडायला पुढे वर्षे लागतात, कारण इंदल म्हणजे गावजेवण, पाहुणेरावळे, रात्रभराची गायणे. ऐपत येईल तेव्हा तो करायचा. दिवस ठरला की कळमाच्या झाडाच्या फांद्या वाजतगाजत आणून अंगणात रोवतात, पुजारा विधी करतो, रात्र जागवली जाते आणि देवांच्या उत्पत्तीची गाणी गायली जातात. यात देवाने घाई केली नाही आणि माणसानेही बोल बुडवला नाही. सावकाराचे कर्ज आणि भावकीतले हातउसने यांत जो फरक आहे तोच सौद्यात आणि या नवसात आहे. पहिल्याला मुदत असते, व्याज असते, जप्तीची भीती असते. दुसऱ्यात फक्त आठवण ठेवायची असते. आणि मागितलेले मिळाले नाही तरी पुढच्या नवाईला पहिली मूठ देवालाच जाते. माणूस रुसतो, बोलून दाखवतो, पण ये-जा तोडत नाही.

हे मराठी वाचकाला परके वाटायचे कारण नाही. वारकरी परंपरेचा कणाही हाच आहे. जनाबाईने विठ्ठलाला दळण-कांडणात सोबतीला घेतले. दासीच्या कष्टांतून तिची सुटका झाली नाही, पण त्या कष्टांत ती एकटी राहिली नाही. 1630 च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात तुकोबांचे दुकान बसले, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मूल गेले. त्या पडझडीनंतर हा माणूस भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसला तो देवाचे आभार मानायला नव्हे. तो देवाशी भांडला, त्याला जाब विचारला, त्याच्यापुढे रडला. परक्याशी असे भांडता येत नाही. परंपरा सांगते की त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली. म्हणजे देवाशी जवळीक वाढली तशी माणसांवरची वसुली सुटली. देवाशी जडलेले नाते खरे की खोटे हे ओळखायची याहून चांगली कसोटी मला माहीत नाही.

या कसोटीवर सातपुड्याचा विसाव्या शतकातला इतिहास तपासण्यासारखा आहे. 1922 मध्ये पालघरच्या किनाऱ्याकडून निघालेली देवीची लाट दक्षिण गुजरातभर पसरली आणि खानदेशापर्यंत पोचली. अंगात आलेल्या माध्यमांच्या तोंडून देवी सांगे की दारू सोडा, रोज आंघोळ करा, दारूविक्रेत्याच्या दारात जाऊ नका. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी 1987 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या चळवळीचा बारकाईने अभ्यास केला आहे. दारूच्या दुकानदाराकडे आणि त्याच्या कर्जाच्या वहीत अडकलेल्या आदिवासींना त्या पाशातून निघण्याचे बळ देवीच्या शब्दाने दिले, हे त्यातून दिसते. पुढे 1930 च्या दशकात तळोदा तालुक्यातल्या मोरवडचे गुलाम महाराज पुढे आले. त्यांनीही दारू सोडायला, स्वच्छ राहायला सांगितले, आणि एकमेकांना ‘आप’ म्हणा असे शिकवले. ज्यांना सरकारी शिपायापासून सावकारापर्यंत सगळे अरे-तुरे करत, ती माणसे एकमेकांना भेटताना ‘आप की जय’ म्हणू लागली. 1938 मध्ये गुलाम महाराजांचे निधन झाले, तरी त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी काम पुढे नेले. त्यांच्या आरतीला जमणारी गर्दी इंग्रज सरकारला संशयास्पद वाटली, यात नवल नाही. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला शहादा भागात जमिनीच्या प्रश्नावर आदिवासी उभे राहिले, तेव्हाही भजने गात लोकांत मिसळणारे अंबरसिंग महाराज त्यांच्या पुढे होते. या तिन्ही वेळा देवावरच्या भरवशाने माणसाला निमूटपणे सोसायला शिकवले नाही, ताठ उभे राहायला शिकवले.

देवाशी असलेल्या नात्याची सर्वांत अवघड परीक्षा मात्र नर्मदेने घेतली. सरदार सरोवर धरणाच्या पाण्याने महाराष्ट्रातली 33 गावे बाधित झाली, आणि ती सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) तालुक्यांतली. त्यांत पहिले बुडाले मणिबेली. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीच्या पावसाळ्यांत तिथे धरणाविरुद्ध झालेला सत्याग्रह जगभर गाजला, 1993 मध्ये जागतिक बँक प्रकल्पातून बाहेर पडली, आणि 1994 मध्ये मोठ्या धरणांना होणाऱ्या अर्थसाहाय्याविरुद्ध जगातल्या शेकडो संघटनांनी जे आवाहन केले त्याला मणिबेलीचेच नाव दिले गेले. गाव मात्र वाचले नाही. शूलपाणेश्वराचे पुरातन मंदिरही पाण्याखाली गेले. शूलपाणेश्वरासाठी दुसरीकडे नवे मंदिर बांधता आले. पाड्यावरच्या देवांचे काय? गावदेव एखाद्या झाडाशी, एखाद्या खडकाशी, शिवेवरच्या एखाद्या जागेशी बांधलेला असतो. भांडीकुंडी, गुरे, घराचे वासे ट्रकमध्ये भरून तळोद्याच्या पुनर्वसन वसाहतीत नेता येतात. देव राहत असलेले झाड कसे नेणार? भरपाईच्या कोणत्याही तक्त्यात या नुकसानीचा रकाना नव्हता. विस्थापितांच्या दुःखाची बेरीज करताना हे नाते तुटल्याची नोंद घेतली पाहिजे, असे मी आग्रहाने म्हणेन. याहा मोगी मात्र धरणाने हिरावली नाही. वसाहतीतूनही महाशिवरात्रीला टोपली डोक्यावर घेऊन देवमोगऱ्याला जाता येते. सगळे बदलले तरी एक वाट जुनीच राहिली.

या श्रद्धेचे गुणगान करताना तिच्या काळ्या बाजूकडे डोळेझाक करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. याच डोंगरात बाईला डाकीण ठरवून तिचा छळ होतो. घरात मृत्यू झाला, गुरे मेली, की कोणाची तरी नजर शोधली जाते, आणि बहुतेक वेळा ती एखाद्या एकट्या, जमिनीत वाटा असलेल्या बाईची निघते. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा अशा अत्याचारांना गुन्हा ठरवतो, आणि त्याचा वापर झालाच पाहिजे. देवाशी असलेल्या नात्याचा आणि डाकिणीच्या शोधाचा उगम एकच, असे कोणी म्हणते तेव्हा मला ते पटत नाही. पहिल्यात माणूस आपले दुःख देवासमोर मांडतो. दुसऱ्यात तो ते दुसऱ्याच्या माथी मारतो. सोसवत नाही म्हणून दोष द्यायला माणूस शोधणे, हा भरवसा संपल्याचा पुरावा आहे.

दवाखान्याच्या बाबतीतही हेच. बडव्याकडे, म्हणजे मंत्र-औषध करणाऱ्या गावातल्या जाणत्याकडे, वेळ गेला आणि रुग्ण हाताबाहेर गेला, अशा घटना घडतात आणि त्यांची किंमत लहान मुले मोजतात. पण अंधश्रद्धेमुळे आदिवासी दवाखान्यात येत नाहीत, हे सरसकट विधान मोलगीच्या वाटेवरची झोळी खोटे पाडते. बांबूला बांधलेल्या झोळीत आजारी माणूस, आळीपाळीने खांदा देणारे चार-सहा जण, चिखलाचा उतार, मध्ये ओढा, आणि पलीकडे सडकेवर उभी असलीच तर रुग्णवाहिका. निघण्यापूर्वी देवाला हात जोडलेले असतात आणि मग कोसभर ओझे वाहिलेले असते. त्या माणसांना देव आणि डॉक्टर यांत निवड करावीशी वाटत नाही. त्यांना सडक हवी आहे. ज्यांनी ती द्यायची त्यांनी लोकांच्या श्रद्धेकडे बोट दाखवून आपली जबाबदारी झटकू नये.

गेल्या काही पिढ्यांत या पट्ट्यात भक्तीचे नवे प्रवाहही आले. माळकरी भगत झाले, वेगवेगळ्या सत्संगांची मंडळे झाली, ख्रिस्ती प्रार्थनासभा भरू लागल्या. त्यांवरून वाद झाले आणि होतात. कोण खरा आदिवासी, कोणाला कोणत्या सवलती, असे प्रश्न राजकारणात तापवले जातात. त्या वादात शिरण्याचे हे ठिकाण नव्हे. एवढे नोंदवतो की यांपैकी जे जे इथे रुजले, ते देवाला जवळचा मानणारे म्हणून रुजले. दारू सुटलेल्या घरातली बाई, मग ती आरती करणारी असो, माळ जपणारी असो की प्रार्थनेला बसणारी, सांगताना जवळपास एकच गोष्ट सांगते. कोणीतरी आपले ऐकले. तत्त्वज्ञान नंतर येते, आणि पुष्कळदा येतही नाही.

तेव्हा संकटात देवावर विसंबायचे कसे, या प्रश्नाला मोलगीचे उत्तर सरळ आहे. बऱ्या दिवसांत त्याच्याशी व्यवहार चालू ठेवा. पहिली मूठ द्या, पहिली भाजी थांबवा, बोललेले फेडा, रागावलात तर तोंडावर बोला, आणि जेवणात शेजाऱ्याला बसवा. ज्याच्याशी रोजची बोलाचाली आहे त्याच्यावर विश्वास ठेवण्यासाठी वेगळा निर्धार करावा लागत नाही. उलट, वर्षानुवर्षे अबोला धरलेल्या देवाला रुग्णालयाच्या दारात उभे राहून हाक मारताना आपलाच आवाज आपल्याला परका वाटतो. शहरातल्या पुष्कळ भाविकांची अडचण श्रद्धा कमी असण्याची नाही, ओळख कमी असण्याची आहे.

वाचकांना शेवटी एक विनंती. पुढील पाने वाचताना या लोकांच्या सोशिकपणाचे कौतुक करून थांबू नका. गरिबीतही किती समाधानी असतात, असे म्हणणे सोपे असते आणि ते आपल्यालाच सोयीचे असते. ही माणसे समाधानी नाहीत. त्यांना रस्ता हवा आहे, दवाखान्यात डॉक्टर हवा आहे, बुडालेल्या जमिनीच्या बदल्यात कसदार जमीन हवी आहे, आणि त्यासाठी ती पिढ्यान् पिढ्या झगडत आली आहेत. देव त्यांच्या बाजूला आहे, याविषयी त्यांची खात्री आहे. आपण कोणाच्या बाजूला आहोत, हे वाचकाने स्वतःचे स्वतः ठरवावे.